उलट्या लवेचा कोट

मी तोंडाची खमकी आहे. गिऱ्हाईक पोट आत ओढून कमरेचं माप देत असेल तर "साहेब, श्वास सोडा, पँट तुम्हालाच घालायची आहे," असं मी सगळ्यांदेखत सुनावते. त्यामुळे येशूबद्दल चार शब्द बोलायची वेळ आली की माझी दातखीळ बसते, हे आमच्या चर्चच्या पाळकसाहेबांना खरंच वाटत नव्हतं.

माझं तारण होऊन, म्हणजे मी येशूची होऊन, दोन वर्षं झाली होती. शेजारच्या नर्सबाईंना सोबत म्हणून एकदा उपासनेला गेले आणि मागच्या बाकावर बसून ढसाढसा रडले. का रडले ते तेव्हा सांगता आलं नसतं. सगळ्या पापांचं गाठोडं बांधून मी प्रभूच्या पायाशी ठेवलं आणि त्यानं ते घेतलं, याबद्दल मला तिळमात्र शंका नव्हती. गाठोडं उघडून आत काय काय आहे ते मात्र मी एकदाही पाहिलं नव्हतं. पाहायची हिंमत नव्हती, असं म्हणा.

दर रविवारी पाळकसाहेब विचारायचे, "या आठवड्यात कुणी कुणाला सांगितलं?" कुणी बसमध्ये शेजारच्याला सांगितलेलं असायचं, कुणी भाजीवाल्याला. मी आपली चपलांकडे बघत बसायची. एकदा मनाचा हिय्या करून एका सुटाच्या खिशात आमच्या मंडळीचं पत्रक सरकवलं. दुसऱ्या दिवशी गिऱ्हाईक ते घेऊन परत हजर. "बाई, तुमचं काहीतरी महत्त्वाचं राहून गेलं होतं." मी "हो हो, थँक्यू" म्हणून ते घेतलं आणि ड्रॉवरमध्ये कोंबलं. घरी हे सांगितलं तर आमचे हे पोट धरधरून हसले.

ज्याला सांगावं असं मनापासून वाटत होतं तो माणूस माझ्यापासून वीस पावलांवर होता. आमचे इस्त्रीकाका.

आमच्या दुकानाला पुढे मोठी काच आहे. काचेजवळ मालक बसतात, त्यांच्यामागे माझं कापायचं टेबल. त्याच्याही मागे एक बिनखिडकीची खोली, तिथे काका दिवसभर अस्तरं आणि पँटच्या घड्या इस्त्री करायचे. मी एकोणिसाव्या वर्षी दुकानात आले तेव्हा कापड हातानं कसं ओळखायचं ते मला त्यांनीच शिकवलं. सहा वर्षांपूर्वी काकू गेल्या. तेव्हापासून त्यांचं बोलणं निम्म्यावर आलं होतं. आता ते काम सोडून मुलीकडे, दुसऱ्या गावी जाणार होते. शनिवार शेवटचा दिवस. मुलीनं घराखालची एक खोली त्यांच्यासाठी रिकामी करून ठेवली होती, तिथे बाबांनी छोटंसं इस्त्रीचं दुकान टाकावं म्हणून. काकांनी साफ नकार दिला.

"का हो काका?" मी विचारलं.

"हात भरवशाचा राहिला नाही, पोरी. तुला तर माहीतच आहे."

मला माहीत होतं. त्यांच्या हाताला काहीही झालेलं नव्हतं, हे जगात फक्त मला माहीत होतं.

मखमलीला लव असते. वरून खाली हात फिरवला तर गुळगुळीत लागते, खालून वर फिरवला तर अडते. म्हणून कोटाचे सगळे भाग एकाच दिशेनं कापायचे. एखादा उलटा कापला तर शिवताना पटकन कळत नाही, पण उजेडात तो भाग वेगळ्याच रंगाचा दिसतो. अकरा वर्षांपूर्वी एका गायकाचा गडद हिरवा मखमली कोट आमच्याकडे आला होता. मला कटिंगचं टेबल मिळून जेमतेम महिना झाला होता. कापड पुरेना, म्हणून मी डाव्या बाजूचा मापाचा कागद फिरवून बसवला आणि लवेचं साफ विसरले. शिकाऊ पोरगीसुद्धा करणार नाही अशी चूक.

गायक काचेसमोर कोट घालून उभा राहिला आणि डावी बाजू फटफटीत दिसली. मालकांना कापडातलं कळतं ते विकण्यापुरतं. ते ओरडले, "मखमल भाजली! इस्त्री कुणी केली?" मला मात्र एका नजरेत कळलं होतं. काकांनी स्वतःच्या तळहातांकडे पाहिलं. म्हणाले, "असेल. वाफ जास्त लागली असेल." मग कोट बघायला त्यांनी हात पुढे केला. त्यांचा हात लागला असता तर त्यांना लव कळली असती. मी झडप घालून कोट उचलला. "राहू द्या काका, मी भाग बदलून देते."

आणखी कापड मागवून मी भाग बदलला. उलटा कापलेला तुकडा ड्रॉवरच्या तळाशी गेला. मालकांनी दुसऱ्या दिवशी काकांना पुढच्या टेबलावरून मागच्या खोलीत टाकलं. तेव्हापासून साध्या अस्तरालासुद्धा इस्त्री लावण्याआधी ते ती तीनदा चिंधीवर फिरवून बघायचे. अकरा वर्षं मी ते बघत होते आणि त्यांच्याच थर्मासमधला चहा पीत होते. मला माझीच किळस येते हे सांगताना.

शुक्रवारी दुपारी दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. काकांना काय सांगायचं याची मी टेबलापाशी उभी राहून मनात उजळणी करत होते. येशूनं माझी पापं माफ केली, इथून सुरुवात करायची असं ठरवलं आणि तिथेच अडकले. माझं जे पाप माफ झालं ते हा माणूस अजून स्वतःचं समजून वागवतोय, आणि मी त्याला कुठल्या तोंडानं सांगणार होते? दोन वर्षं मी समजत होते की मला शब्द सुचत नाहीत.

मी कात्री खाली ठेवली आणि मनातल्या मनात गाठोडं उघडलं. म्हटलं, प्रभू, हे पण होतं त्यात. त्याला ते नवीन नव्हतं. आत काय आहे हे ठाऊक असूनच त्यानं ते घेतलं होतं, माझंच बघायचं राहिलं होतं. काका कदाचित मला जन्मात माफ करणार नाहीत, माझं टेबलही जाईल, हे दिसत होतं. तरी तो मला टाकणार नाही, हेही तितकंच स्वच्छ दिसत होतं. इतकी वर्षं छातीवर बसलेली भीती कमी झाली. सगळी गेली असं नाही, पण पाय उचलता येण्याइतकी गेली.

शनिवारी दुपारी मी तो तुकडा घेऊन मागच्या खोलीत गेले. काका इस्त्रीच्या टेबलावरची चादर बदलत होते. मी तुकडा त्यांच्यापुढे ठेवला.

"काय हे?"

"हात फिरवून बघा."

त्यांनी वरून खाली हात फिरवला. मग खालून वर. पुढच्या भागाचा आकार त्यांनी ओळखला, खांदा कुठे येतो ते बोटानं चाचपलं. त्यांचा हात थांबला.

"ही लव उलटी आहे."

"हो. मी उलटा कापला होता. तुमच्या इस्त्रीनं काही झालं नव्हतं. मला त्याच क्षणी कळलं होतं, आणि मी गप्प बसले."

ते तुकडा हातात घेऊन मागच्या दारानं बाहेर गेले आणि पायरीवर जाऊन बसले. मला तिथे उभं राहवेना, म्हणून मी पुढे जाऊन मालकांनाही सांगून टाकलं.

"अकरा वर्षांपूर्वीचा कोट?" मालक म्हणाले. "अगं, त्या गायकाचं आता चौपट पोट सुटलंय!" मग त्यांच्या डोक्यात प्रकाश पडला आणि चेहरा उतरला. "म्हणजे मी त्याला उगाच आत टाकलं? आणि तू बघत राहिलीस?"

"बघत राहिले."

"शाब्बास," ते म्हणाले, आणि चष्मा काढून बराच वेळ पुसत बसले. "तुझं काय करायचं ते सोमवारी बघू."

मी परत आले तेव्हा काका खोलीत उभे होते. डोळे लाल झाले होते.

"एकच सांग," ते म्हणाले. "आज का? मी उद्या जाणारच होतो. जन्मात कळलं नसतं मला."

दोन वर्षं जे पाठ केलं होतं त्यातलं एक वाक्यही मला आठवेना. जे होतं तेच बोलले. "काका, मी येशूवर विश्वास ठेवलाय. त्यानं माझं सगळं घेतलंय, हेसुद्धा. आता मी चांगली दिसले नाही तरी चालतं, म्हणून तोंड उघडलं. आधी दिसायची फार काळजी होती."

"वा! म्हणजे तुझ्या देवानं तुला परस्पर माफ करून टाकलं. भोगलं मी, आणि मला कुणी विचारलंसुद्धा नाही?"

हे वर्मी बसलं, आणि बरोबरच होतं. "त्यानं माफ केलं म्हणूनच तुमच्यापुढे येता आलं. नाहीतर उद्या तुम्हाला गाडीत बसवून हात हलवला असता मी. तुमची माफी वेगळी आहे काका. ती मागायला आले आहे. नाही दिलीत तरी माझी तक्रार नाही."

"नाही देत. आज तरी नाही."

"बरं."

मी वळले. रडू येत होतं. दारापर्यंत पोचले असेन तोवर मागून त्यांचा आवाज आला.

"थांब."

ते टेबलाची कड धरून उभे होते. माझ्याकडे बघत नव्हते.

"तुझी काकू गेली ना, त्या दिवशी सकाळी ती म्हणाली होती, आज कामावर जाऊ नका, मला बरं वाटत नाही. मी म्हटलं, तुझं रोजचंच आहे. आणि आलो इथे, अस्तरं इस्त्री करायला." त्यांनी टेबलावरची चादर ओढून सरळ केली. "हे मी मुलीला सांगितलेलं नाही. कुणालाच नाही. तुझा तो कोट गेला खड्ड्यात. हे असलं काही चालतं का तुझ्या त्या येशूला?"

पाळकसाहेबांना आधी विचारून घ्यावं, चार शब्द जुळवावेत, असं काही माझ्या मनातही आलं नाही.

"चालतं, काका," मी म्हटलं.

त्यांनी इस्त्रीचं बटण बंद केलं आणि माझ्यासाठी स्टूल ओढलं.