टॉवरवरचा गुरू

साठीशांत झाली आणि आमच्या ह्यांना आकाशाचं वेड लागलं. त्याआधी मल्लिनाथरावांनी मान वर केली असेल ती गच्चीवरच्या टाकीतून पाणी सांडतंय का, एवढं बघायला. चादरी-टॉवेलचं दुकान मुलाच्या ताब्यात गेलं, दिवसभर मोबाईल हातात, आणि एक दिवस भलंमोठं खोकं घरी आलं. मोटारवाली दुर्बीण! ग्रहाचं नाव निवडून बटण दाबलं की आपोआप तिकडं वळणारी. ह्यांना असंच यंत्र हवं होतं, ज्यात स्वतःला काही शिकावं लागत नाही.

जोडणीआधीच आमंत्रणं गेली. मार्चच्या सहा तारखेला, दिवेलागणीनंतर, आमच्या होटगी रोडच्या घराच्या गच्चीवर 'गुरुदर्शन'. सोसायटीच्या ग्रुपवर ह्यांनी स्वतःचा फोटोही टाकला, खोक्यावर हात ठेवलेला.

त्या दिवशी दुपारी स्टँड उभा राहिला, वर नळी बसली. मी शेजारीच भडंग कालवत होते. ह्यांनी रिमोट चालू केला. त्यानं गाव विचारलं, वेळ विचारली, तारीख विचारली. ह्यांनी तारीख टाकली, आधी सहा, मग तीन.

मी म्हटलं, "अहो, त्यात महिना आधी लिहायचाय. वरच लिहिलंय बघा. तुम्ही जूनची तीन तारीख टाकलीत."

"तू भडंगाचं बघ," हे म्हणाले. "कांदा बारीक चिर."

मी निवृत्त होईपर्यंत हायस्कूलात गणित शिकवलं. पण ह्यांच्या लेखी मला समजणारी शेवटची गोष्ट कांदा होती. मी कांदा बारीक चिरला.

संध्याकाळी बसवराज आले, ह्यांचे जुने मित्र. मागोमाग सोसायटीतली आठ-दहा माणसं आली. वळसंगहून ह्यांची आत्या गंगम्मा आली होती, तिला हाताला धरून मीच वर आणलं. अंधार पडला तसे हे दुर्बिणीमागं उभे राहिले. आधी दोन ठळक तारे दुर्बिणीत धरून दाखवा, मग मी ओळखते, असं यंत्राचं म्हणणं. एवढा वेळ कुणाला? ताऱ्याकडं न बघताच ह्यांनी 'होय, होय' दाबलं, मग यादीतून गुरू निवडला. मोटार घरघरली. नळी वळत वळत पश्चिमेला खाली आली आणि नेमकी मागच्या गल्लीतल्या मोबाईल टॉवरवर थांबली.

खरा गुरू तेव्हा सगळ्यांच्या डोक्यावर लखलखत होता. एकानंही मान वर केली नाही.

हे भिंगाला डोळा लावून म्हणाले, "आहाहा! लाल डाग स्पष्ट दिसतोय. गुरूवरचं ते मोठं वादळ म्हणतात ना, तेच."

बसवराजांनी पाहिलं. "व्वा! वादळ फिरतंय की हो!"

मग रांगच लागली. एकाला वलयं दिसली, एकाला ढग, आणि एका बाईंनी हात जोडून नमस्कार केला. पाहुणचार घ्यायचा म्हणजे यजमानाच्या डोळ्यांनी बघायचं, एवढा शिष्टाचार आमच्या सोसायटीत आहे. शेवटी गंगम्माआत्याला भिंगाशी नेलं.

"ह्यो तर लाल दिवा हाय की रे मल्ल्या," ती म्हणाली. "खांबावरचा."

"आत्या, तुला मोतीबिंदू आहे," हे म्हणाले. सगळे सुटल्यासारखे हसले. आत्याचं ऑपरेशन मागच्याच दिवाळीत झालं होतं, सोलापुरातच, आणि तेव्हा ती राहिली होती आमच्याकडं.

मी पुढं होऊन भिंगातून पाहिलं. "आत्या बरोबर सांगतायत. टॉवरचा दिवा आहे. गुरू वर आहे, डोक्यावर."

मग सगळ्यांनी वर पाहिलं. बसवराज घसा खाकरत म्हणाले, "ह्या कंपन्या काय वाट्टेल तो माल पाठवतात हो."

"डिफेक्टिव्ह पीस आहे," ह्यांनी जाहीर केलं. "उद्याच परत पाठवतो." आणि सगळ्यांना घेऊन जेवायला खाली गेले. आत्याला जिना चढण्या-उतरण्याचा कंटाळा, ती खुर्चीतच राहिली. मीही राहिले.

मी रिमोट बंद करून पुन्हा चालू केला. महिना तीन, तारीख सहा. व्याध भिंगाच्या मधोमध आणला, मग ब्रह्महृदय. तारा सारखा निसटायचा. दोनदा चुकले. तिसऱ्यांदा यंत्रानं मान्य केलं. गुरू निवडला. नळी सावकाश वर उठत गेली आणि थांबली.

भिंगात पिवळसर गोळा होता. त्यावर दोन फिकट पट्टे, आणि बाजूला एका ओळीत चार बारीक ठिपके. त्याचे चंद्र. पोरांना मी वर्षानुवर्षं वर्तुळं काढायला लावली. इतकं शांत, इतकं पूर्ण वर्तुळ मी पाहिलं नव्हतं. श्वास लागला तरी ते हलेल अशी भीती वाटली.

आत्यानं बराच वेळ पाहिलं. मग हळूच म्हणाली, "लेकरं घिऊन बसल्यावानी दिसतंय गं. लई ग्वाड."

तेवढ्यात हे वर आले, दात कोरत. मागं बसवराज. भिंगातून बघून ह्यांनी मान वर केली. मला वाटलं, आता तरी काहीतरी म्हणतील.

म्हणाले. "बघ बसवराज, सांगत नव्हतो? मोटार गरम व्हायला वेळ लागतो."

"तेच म्हणतो मी," बसवराज म्हणाले.

मी रविवारी दुर्बीण गाडीत घातली आणि आत्याला सोडायला वळसंगला गेले. तिचं घर शेतात, आसपास दिव्याचा उजेड नाही. अंधार पडल्यावर वस्तीवरच्या बायका अंगणात जमल्या; आधी लाजल्या, मग भिंगापासून हटेनात. कृत्तिकांचा घोस पाहून एकजण उठून धावतच सासूला बोलवायला गेली.

हेही आले होते सोबत, एवढ्या मोलाच्या वस्तूवर लक्ष ठेवायला. गाडीची सीट मागं टाकून, तोंड उघडं ठेवून झोपले होते. आत्या म्हणाली, "मल्ल्याला उठवू का?"

"नको," मी म्हटलं आणि नळी मृगाकडं वळवली.