शिळ्या पाण्याचं झाड

मी एक जुनं झाड आहे, मित्रांनो, पण माझ्या सावलीला कधी कुणी बसलं नाही. कसं बसणार? मी जन्मभर पाण्याखालीच राहिलोय. सोलापुरात भवानी पेठेतल्या एका दोन खोल्यांच्या घरात, खिडकीजवळच्या काचेच्या टाकीत माझा मुक्काम आहे. दुकानदार मला अनुबियास म्हणायचा. या घरातली अज्जी मला 'ते विड्याचं पान' म्हणते आणि खरं सांगतो, मला तेच नाव आवडतं. माझी पानं दिसायला तशीच आहेत, पण जाड आणि चवीला कडूजहर. या कडूपणावरच मी आजवर तगलो.

मला इथे आणलं शिवानंदने. तो तेव्हा चादरीच्या कारखान्यात मागावर कामाला होता. त्याने आपल्या लेकीसाठी, महेश्वरीसाठी, एक गोल्डफिश आणली होती. महेश्वरीने तिचं नाव ठेवलं शेवंती. शेवंती दिसायला देखणी, पण खायला बकासुर! माझ्याआधी शिवानंदने टाकीत मऊ, बारीक पानांची झाडं सोडली होती. ती बाईसाहेबांनी कोथिंबिरीसारखी फस्त केली. मग त्याने लांब पात्यांची झाडं वाळूत रोवली. ती तिने मुळासकट उकरून वर तरंगत ठेवली. लावणारा थकला, उपटणारी काही थकली नाही.

शेवटी दुकानदाराने मला दिलं आणि बजावलं, "याला वाळूत पुरू नका, कुजेल. दगडाला बांधा." शिवानंदने कारखान्यातला सुती दोरा घेतला आणि मला एका काळ्या दगडाला बांधलं. शेवंती लगेच आली. तिने माझं एक पान तोंडात धरलं, चावलं आणि थू करून टाकलं! मला असं हसू आलं म्हणता! पण त्या दिवसापासून आमचं जमलं. ती घाण करायची, मी ती पिऊन पाणी साफ ठेवायचो. दुपारी खिडकीतून ऊन आलं की ती माझ्या पानाखाली येऊन गप्प पडायची.

शिवानंदने महेश्वरीला सगळं नीट शिकवलं होतं. एकदा तो तिला सांगत होता, "हे बग, टाकीतलं सगळं पाणी कवाच काडायचं न्हाई. थोडंच काडायचं, आन् बादलीत ठिवून दिलेलं जुनं पाणी घालायचं. नळाच्या पान्यात औषध असतंय, ताजं घातलं तर मासा गुदमरतोय. दगड-वाळू पावडरीनं घासायची न्हाई. माशाला जुनं पाणीच मानवतंय."

त्याची आई नागव्वा, म्हणजे महेश्वरीची अज्जी, तिथेच तांदूळ निवडत बसली होती. तिने विचारलं, "काय सांगायलायस रे तिला?"

"काय न्हाय अव्वा, माशाचं हाय. तुला काय करायचंय?"

अज्जी पुन्हा तांदळात बघायला लागली. झालं! सगळं घडलं ते इथेच, पण तेव्हा ते कुणाच्या ध्यानात आलं नाही, माझ्याही नाही.

पुढे कारखाना बंद पडला. शिवानंदला भिवंडीला काम मिळालं. निघताना तो टाकीपाशी वाकून लेकीला म्हणाला, "संक्रांतीला, गड्ड्याच्या जत्रेला येतो मी. तवर शेवंतीला सांभाळ. आल्यावर बगणार हाय, केवडी झाली ते." महेश्वरीने मान हलवली. तिला रडायचं होतं, पण ती रडली नाही.

मित्रांनो, त्या पोरीने आम्हाला जिवापाड सांभाळलं. सोलापूरचा उन्हाळा तुम्हाला माहीत आहेच. टाकीतलं पाणी कढत व्हायला लागलं की ती काचेवर ओलं फडकं टाकायची. माझ्या पानांवर शेवाळ धरलं की कापसाने एकेक पान पुसायची. आई शिवणकामाला गेलेली असायची, म्हणून शाळेतून आली की ती दप्तरासकट आमच्यापुढे बसायची. भिवंडीहून फोन आला की पहिला प्रश्न, "शेवंती कशी हाय?" मग ती फोनच काचेला लावायची. शेवंतीला वाटायचं, खायला काहीतरी आलं. ती लगेच तोंड उघडून पुढे यायची. आणि तिकडे शिवानंद हसायचा.

आता या गावच्या पाण्याचं सांगतो. इथे नळ रोज येत नाही, काही दिवसांआड येतो. नळ आला की सगळ्या गल्लीत एकच गलका होतो. घागरी, पिंप, बादल्या, जे असेल त्यातलं उरलेलं पाणी ओतून द्यायचं, भांडी घासायची आणि ताजं भरायचं. पाणी शिळं झालं, असं इथे म्हणतात. अज्जी तर शिळं पाणी कुत्र्याच्या भांड्यातही ठेवायची नाही. ती म्हणायची, "आपन ताजं प्यायचं आन् मुक्या जिवाला शिळं द्यायचं, हे पाप हाय."

जत्रा जवळ आली. शिवानंद उद्या सकाळी येणार आणि आज नळाचा दिवस. महेश्वरी शाळेत, तिची आई कामावर. अज्जीच्या अंगात काय उत्साह संचारला होता! घर सारवल्यासारखं लख्ख केलं तिने. मग तिचं लक्ष आमच्याकडे गेलं. पाणी जरा पिवळसर होतं, माझ्या दगडावर हिरवट थर होता.

"अगं बाई, पान्याचा रंग बग! उद्या पोरगं येनार, काय म्हनंल? लेकीनं जीव लावला आन् म्हातारीनं एक डाव पाणी बी बदललं न्हाई?"

तिने शेवंतीला अलगद पातेल्यात घेतलं. टाकीतलं सगळं पाणी जास्वंदीला ओतलं. वाळू पावडरीने धुतली, माझा दगड काथ्याने खसाखसा घासला. गुडघे दुखत होते तिचे, मधेच भिंतीला टेकत होती, पण तिने काम सोडलं नाही. मग नळाची पाईप टाकीत सोडली. ते पाणी अंगाला लागलं आणि माझी आग आग झाली. मी पडलो जाड पानांचा, सोसलं कसंतरी. पण शेवंती?

अज्जीने तिला पाण्यात सोडलं. ती टाकीभर गरागरा फिरली, वर आली, तोंड उघडलं, पुन्हा खाली गेली, पुन्हा वर आली. अज्जी कौतुकाने बघत राहिली.

"बग की, कशी नाचाय लागलीय ताज्या पान्यात!"

मित्रांनो, तेव्हा मला वाटलं, या पानांच्या जागी आपल्याला एक जीभ का नाही?

महेश्वरी आली. दारातच तिला नळाच्या औषधाचा वास आला आणि तिने दप्तर टाकलं. तिने शेवंतीला पातेल्यात घेतलं आणि कोपऱ्यातल्या बादलीकडे धावली. त्या बादलीत ती आमच्यासाठी पाणी ठेवून द्यायची. अज्जीने तीही बादली सकाळीच ओतून ताजी भरली होती. पोर शेजारच्या घरी पळाली, तिथून पुढच्या घरी. "काकू, जुनं पाणी हाय का? शिळं पाणी?" बायका तिच्याकडे बघतच राहिल्या. नळाचा दिवस, सगळ्यांची भांडी घासून भरलेली. अख्ख्या गल्लीत त्या दिवशी शिळं पाणी मिळालं नाही.

दिवेलागणीच्या आधीच शेवंती आडवी झाली.

अज्जी पदराने हात पुसत आली. "असं कसं झालं गं? ताजं पाणी दिलं की मी!" महेश्वरीने तिच्या तोंडाकडे पाहिलं. मग खाली बघून म्हणाली, "म्हातारी झाली हुती अज्जी ती." आणि मला त्या टाकीत तसंच सोडून ती माडीच्या जिन्यात जाऊन रडली.

सकाळी शिवानंद आला. पिशवी हातातच, आणि टाकीत नुसता मी. त्याने वाकून पाण्याचा वास घेतला.

"पाणी कुनी बदललं सगळं?"

"मी," महेश्वरी म्हणाली.

"तुला एवडं सांगितलं हुतं! एक काम दिलं हुतं मी तुला, महेश्वरी!"

दारात अज्जी चहा घेऊन आली होती. तिने कप-बशी उंबऱ्यावरच ठेवली. तिला आत्ता कुठे कळलं होतं.

"तिला बोलू नकोस शिवा. मी वतलं. शिळं पाणी हाय म्हून मी वतलं."

आईला तो काय बोलणार? तिच्यासमोरच तर त्याने सगळं शिकवलं होतं आणि तिलाच तेवढं सांगितलं नव्हतं. जत्रा झाली, तो भिवंडीला गेला. जाताना म्हणाला, दुसरा मासा आणतो. अज्जी म्हणाली, "नको. माझ्या हाताला यश न्हाई आता."

आता टाकीत मी एकटाच आहे. मासा नाही म्हणून माझी पानंही पिवळी पडत चालली आहेत. शेवंतीची मला फार आठवण येते. तिने माझ्या पानाला तोंड लावावं आणि थुंकावं, एवढंच वाटतं. पण माझं सोडा. मी झाड आहे, येईल ते सोसतो.

मला बघवत नाही ती अज्जी. नळ येतो, गल्लीत गलका होतो आणि ती आपलीच, स्वतःची प्यायची घागर पुढ्यात घेऊन दारात उभी राहते. "महेश्वरी, हे वतू का गं?" पोर घरात असली तर हो म्हणते. शाळेत असली तर अज्जी वाट बघत राहते, आणि नळ जातो.

मित्रांनो, घरात मासा आणा, झाड आणा, काहीही जिवंत आणा, तर ते कसं जगतं हे घरातल्या सगळ्यांना सांगा. 'तुला काय करायचंय' असं कुणाला म्हणू नका. आणि या गल्लीत कधी आलात, तर त्या म्हातारीला एवढं सांगा, की अज्जी, घागर ओता, त्यात कुणी राहत नाही.