टाचेचे दोन दिवस

"वहिनी, तू वाकडी चालतेयस. आजच्या आज दाखवून ये," असं माझ्या मालकिणीला तिच्या नणंदेनं सांगितलं होतं. मालकीण सुईत दोरा ओवत म्हणाली, "लचकलाय हो ताई. दोन दिवसांत उतरेल."

मित्रांनो, ते दोन दिवस एकतीस वर्षं चालले.

मी त्या मालकिणीच्या डाव्या पायाची टाच. म्हणजे टाचेचं हाड. आता मी एका कॉलेजात, काचेच्या कपाटात, पुठ्ठ्याच्या डब्यात असते. मालकिणीनं जिवंतपणीच देहदानाचा अर्ज भरून ठेवला होता. कपडे शिवणारी बाई. चिंधीसुद्धा वाया जाऊ द्यायची नाही.

सुरुवातीला मी पुरती हाडाची नव्हते. बरीचशी कुर्चाच होते, तुमच्या कानाच्या वरच्या भागासारखी लवचीक. पुढे माझ्या मागच्या बाजूला हाडाचा एक वेगळाच तुकडा तयार झाला आणि मालकीण चौदा-पंधरा वर्षांची झाली तेव्हा कुठे तो मला जोडला गेला. तोवर बरंच काही शिकून झालं होतं.

पोटरीचे स्नायू खाली येताना एका जाड, चिवट पट्टीत गोळा होतात. तिला कंडरा म्हणतात. ती माझ्या पाठीवर उतरते, पण अगदी माथ्याला चिकटत नाही. माझ्या पाठीचा वरचा भाग गुळगुळीत असतो. तिथे कंडरा नुसती टेकते आणि घासू नये म्हणून मध्ये द्रवाची इवलीशी पिशवी असते. तिची खरी पकड त्याच्या खाली, खरबरीत जागेवर, चांगली रुंद. शिवणाऱ्या बाईची टाच असल्यामुळे मला यातलं कारण लवकर कळलं. जिथे ताण येतो तिथे एक टाका पुरत नाही, टाके पसरून घालावे लागतात.

माझ्या तळाकडून दुसरी एक पट्टी पायाच्या बोटांकडे जाते. वरची मला वर ओढते, खालची पुढे. मी घोट्याच्या मागे बाहेर आलेली आहे ती याच कामासाठी. दार बिजागरीजवळ ढकलून बघा, मग कडेला ढकलून बघा. कडेला जोर कमी लागतो. तसंच माझं.

या ओढाताणीवरूनच माझं आतलं घर बांधलं गेलं. मी आतून जाळीदार आहे आणि जाळीतल्या रेघा कशाही गेलेल्या नाहीत. शरीराचा भार घोट्यातून जसा उतरतो, तशा काही रेघा. कंडरेची ओढ मागून तळाकडे जशी वळते, तशा दुसऱ्या, कमानीसारख्या. जिथे ओढ नाही, भारही नाही, तिथे जागा जवळजवळ मोकळी. शरीर कुणाला बसवून पोसत नाही.

मालकिणीचं काम पायानं चालवायच्या मशीनवर. दिवसभर टाच वर, टाच खाली. कापडाचे तागे वरच्या फळीवर असायचे. ती चवड्यांवर उभी राहून ते ओढून काढायची. त्या वेळी तिचा सगळा भार माझ्या पाठीवरच्या त्या खरबरीत जागेतून जायचा. नणंद शेजारी बसून काजं करायची. "आमच्या वहिनीला शिडी लागत नाही," असं ती गिऱ्हाइकांना सांगायची. माझं कौतुक कधी झालं असेल तर एवढंच.

एक दिवस मालकिणीची दोन वर्षांची लेक गरम इस्त्रीकडे चालत गेली. मालकीण स्टुलावर होती. तिथून तिनं उडी टाकली, लेकीला मागे ओढलं आणि त्याच क्षणी माझ्यापासून चार बोटं वर फट्ट आवाज झाला. मागून कुणीतरी लाथ घालावी तसं तिला वाटलं. तिनं वळून पाहिलं. मागे कुणीच नव्हतं.

"कुणी मारलं गं?" तिनं लेकीला विचारलं.

"मी नाई," लेक म्हणाली.

दोघी नणंद-भावजया पोट धरून हसल्या. थोड्या वेळानं नणंद गंभीर झाली. "त्या एकट्या पायावर टाच उचल बघू."

"दुखतंय म्हणून होत नाहीये. पाऊल हलतंय ना? तुटलं असतं तर हललं असतं का?"

इथेच चुकलं. पाऊल खाली दाबायला दुसरे लहानसहान स्नायूही असतात. ते हलवाहलव करतात, पण अख्ख्या माणसाला उचलायचं काम त्यांच्यानं होत नाही. कंडरा तुटली होती. पुढे ती जुळली, पण लांब आणि सैल, नाडीतलं इलॅस्टिक ताणून गेल्यासारखी. दुखायचं थांबलं, म्हणून मालकिणीला वाटलं बरं झालं. तागे काढायला मात्र शिडी आली. लेक पुढे पळायची आणि आई मागून हाका मारायची. मला ओढणारं कुणी उरलं नाही, तशा माझ्या मागच्या रेघा विरत गेल्या.

कॉलेजात मला मधून कापलं, तेव्हा ते सगळ्यांना दिसलं. वर्गात दाखवायला म्हणून दुसऱ्या, दाट जाळीच्या टाचा निवडल्या गेल्या आणि मी कपाटात मागे गेले. बरीच वर्षं मला कुणी हात लावला नाही.

मागच्या आठवड्यात एका विद्यार्थिनीच्या हाती चुकून माझा डबा लागला. लग्नानंतर, मूल झाल्यावर पुन्हा शिकायला आलेली मुलगी. तिनं मला दुसऱ्या टाचेशेजारी ठेवलं.

"मॅडम, ही खराब झालीय का? मागच्या रेघाच नाहीत."

"खराब नाही," मॅडम म्हणाल्या. "कामावरून निघालेली आहे. कंडरा तुटलेली असणार, कुणी बघितली नसणार. अशा माणसांना विचारलं की एकच सांगतात. मागून कुणीतरी मारल्यासारखं झालं."

मुलीनं तिथेच स्पीकरवर वडिलांना फोन लावला.

"बाबा, तुम्ही त्या दिवशी शिडीवरून उतरताना म्हणालात ना, मागून दगड बसला म्हणून?"

तिचे वडील रंगारी आहेत, हे त्यांच्या पुढच्या बोलण्यावरून कळलं. "बसला नव्हता गं, वाटलं तसं. तूच म्हणालीस शेकून घ्या. भिंतीचा दुसरा हात चाललाय, नंतर बोलू."

"ब्रश खाली ठेवा. भिंतीला हात टेकवा. फक्त उजव्या पायावर उभे राहा आणि टाच उचला."

"ओली आहे भिंत."

"मग दाराला टेकवा."

पलीकडे दार करकरलं. "उचलली."

"उचलली, की गुडघा वाकवलात?"

"आता तू मला उभं राहायला शिकवणार?"

"बाबा."

"...नाही उचलत गं."

"किती दिवस झाले?"

"अकरा."

तिनं मला डब्यात ठेवलं आणि पिशवी खांद्याला लावून ती निघाली. झाकण लावायचं राहिलं. पुढे काय झालं ते मला माहीत नाही. अकरा दिवस म्हणजे एकतीस वर्षं नव्हेत, एवढं मात्र माहीत आहे.

मित्रांनो, तुमच्या घरात कुणीतरी हल्ली एक पाय जपून टाकत असेल. मागून काहीतरी लागल्यासारखं झालं, असं सांगून हसलं असेल. आज घरी गेलात की त्यांना दाराला हात टेकवायला सांगा आणि एका पायावर टाच उचलायला सांगा. ते म्हणतील, उचलली.

त्यांच्या बोलण्यावर जाऊ नका. खाली बसा आणि टाच बघा.