पुढारी निवडायला लागणारी जागा

पेठ वडगावच्या शिवारात दुपारी लाईट आली आणि श्रुतीच्या आठही डब्यांनी एकदमच जाहीर केलं, पुढारी मी. लगेच आठही जण माघार घेऊन बसले. पुन्हा उठले, पुन्हा बसले. पंगतीत ‘तुम्ही बसा, तुम्ही बसा’ करत सगळेच उभे राहावेत तशी गत. उसाकडे पाण्याचा थेंब सरकला नाही.

हे डबे पाणीपुरवठा संस्थेच्या पाइपलाइनीवरचे व्हॉल्व्ह उघडणारे. लाईट आली की त्यांनी आपसात एक पुढारी निवडायचा आणि तो सांगेल त्या क्रमाने पाणी सोडायचं. कुणाला नाव नाही, नंबर नाही. एखादा बिघडला तर संस्थेत पडलेला कुठलाही उचलून बसवता यावा, म्हणून श्रुतीनेच तसं ठेवलेलं. कोल्हापुरात राजारामपुरीतल्या खोलीत तपासून बघताना ती एकेका डब्याची पिन हाताने खोचायची. जो आधी जागा होई तो पुढारी. घोडं पेंड खात होतं ते इथंच. शिवारात लाईट सगळ्यांना एकाच क्षणी येते, हे शेतकऱ्याच्या पोरीच्या डोक्यात आलं नव्हतं.

"उद्या पुण्याच्या कंपनीची माणसं येणार हाईत," संचालक दादासो बांधावरून म्हणाले. "आज पाणी न्हाय सुटलं, तर काम त्यांचं."

श्रुतीचं हे पहिलंच काम. तिचे थोरले चुलते, संस्थेचे अध्यक्ष विजयसिंह, सगळ्या संचालकांशी भांडले म्हणून ते मिळालेलं.

ती आंब्याखाली लॅपटॉप घेऊन बसली. उपाय तिला माहीत होता. प्रत्येक डब्याने आपल्यापुरतं नाणं उडवायचं. काटा पडला तो बाद, छापा पडला तो टिकला. टिकलेल्यांनी पुन्हा उडवायचं, एकटा उरेपर्यंत; सगळेच बाद झाले तर डाव नव्याने. पण टिकलो तो मी एकटाच, हे कळायला मुळात आपण किती होतो ते लक्षात ठेवावं लागतं. आणि त्या स्वस्तातल्या चिपमध्ये लक्षात ठेवायला जागाच उरली नव्हती.

जागा आबांनी खाल्ली होती. आबा म्हणजे विजयसिंहच. पुढच्या महिन्यात ते खुर्ची सोडणार होते. सोडणार कसले, संचालकांनी परस्पर ठरवून टाकलं होतं. ‘मी गेल्यावर डब्यात तरी नाव ऱ्हाऊ दे,’ असं म्हणून त्यांनी प्रत्येक डब्याच्या पडद्यावर आपलं नाव घालायला लावलं होतं. पडद्याला मराठी अक्षरं येत नव्हती, म्हणून श्रुतीने त्या नावाचं चित्र करून आत कोंबलं होतं.

तिला वाईट वाटलं. विचारायला गेली असती तर पुसायचा धीर झाला नसता, म्हणून न विचारताच तिने नाव पुसलं. आठही डब्यांत नवा प्रोग्रॅम भरला आणि मेन स्विच पाडून पुन्हा वर केला.

डबे उठले. काही बसले, आणखी काही बसले, आणि शेवटी ओढ्याकडचा एकटा उभा राहिला. व्हॉल्व्ह उघडला, सरीत पाणी आलं. दादासो पाण्यामागे चालू लागले.

त्यांच्याबरोबर आलेले आबा मात्र ओढ्याकडच्या डब्यापाशी जाऊन वाकले. चष्मा पुसून पडद्याकडे बघत राहिले.

"नाव न्हाय व्हय गं?"

"काढलं, आबा. पुढारी निवडायला जागा पुरंना."

आबांनी रिकाम्या पडद्यावर बोट टेकवलं. मग म्हणाले, "म्हंजे आता पुढारी ह्यो."

"आजच्यापुरता. लाईट गेली की परत निवड."

"आन् ह्येला ठावं असतंय काय, मागच्या खेपंला आपणच हुतो म्हणून?"

"न्हाय आबा. लाईट गेली की सगळं पुसतंय."

आबांनी टोपी काढून डब्यावरची धूळ झटकली.

"बेस हाय त्येचं," ते म्हणाले. "सोडताना कायच वाटत नसंल."

पाणी शेवटच्या सरीला लागेपर्यंत श्रुती आबांच्या शेजारी उभी राहिली.