फुगवलेल्या छात्यांची मापे

मित्रांनो, मी एक जुना टेप आहे, शिंप्याच्या गळ्यात लोंबणारा. माझे पहिले दोन आकडे घासून गेले आहेत आणि टोकाची पितळी पट्टी हलते. तरी माझे माप सूतभरही चुकत नाही. चिडका म्हणाल तर आहे मी. का, ते ऐका.

एका कारखान्यात कापडाला रंग चढवून माझ्यावर साठ इंच छापले गेले. तिथून मी आमच्या मास्तरांकडे आलो. बाजाराच्या गल्लीत त्यांचे एका खिडकीचे दुकान होते. मुलांचे कपडे शिवावेत तर मास्तरांनीच, असे आया म्हणत. कारण मास्तर बाहीत दोन बोटे जास्तीचे कापड आत दुमडून ठेवत. शिंपी त्याला माया म्हणतात. मूल वाढले की माया उसवायची, कपडा आणखी वर्षभर चालतो. मास्तरांचा मुलगा असाच माया उसवत उसवत मोठा झाला. तो अंगाने इतका बारीक, की सगळी गल्ली त्याला काडी म्हणे. अठराव्या वर्षी त्याची छाती कशीबशी बत्तीस भरली.

मग लढाई सुरू झाली आणि गल्लीतल्या पोरांना एकदम मान-अपमान कळू लागला. कालपर्यंत ज्यांना स्वतःचे नाक पुसायची शुद्ध नव्हती, ते शत्रूला ठेचायच्या गोष्टी करू लागले. भिंतींवर चित्रे लागली, त्यांत शत्रूला सुळे होते. पोरे माप द्यायला येत ती श्वास कोंडून, छाती फुगवून.

"श्वास सोड रे. शर्ट शिवायचाय, फुगा नाही," मास्तर म्हणत.

काडीने तर चौतीसपर्यंत फुगवली. "बाबा, ती माणसं नाहीतच," तो म्हणाला. "आणि घरी बसलो तर लोकांना तोंड कसं दाखवू?" मास्तरांनी परोपरीने समजावले, पण पालथ्या घड्यावर पाणी. तो गेला.

मागोमाग सैनिकांच्या गणवेशांचे काम आले. हाताच्या सवयीने मास्तरांनी प्रत्येक बाहीत दोन बोटे माया ठेवली. माल तपासायला आलेल्या साहेबांनी एक बाही उलटी केली.

"हे काय? एवढं कापड वाया?"

"अठराची पोरं आहेत साहेब. अजून वाढतील."

"शाळेत नाही चाललीत ती. त्यांना कुठं वाढायचंय? कापा."

मास्तरांनी कापले. तीनशे बाह्या, माझ्याकडूनच मोजून घेऊन. ते वाक्य बोलून साहेबांनी सावकाश चहा प्यायला होता. आठवले की अजून माझा तिळपापड होतो.

काडी सव्वा वर्षाने परतला. पाय लंगडत होता, छातीवर पदक होते आणि अंगात परक्या रंगाचा कोट. पदक त्याने बटणांच्या डब्यात टाकले. कोट मास्तरांपुढे ठेवून म्हणाला, "बाही उलटा."

आत दोन बोटे माया होती, हाताने टाचलेली.

"थंडी होती म्हणून त्याच्या अंगावरून काढून घेतला. मीच मारला होता त्याला, बाबा. मिशीसुद्धा फुटली नव्हती. वाटलं होतं, एकदा शत्रू मारला की ताठ मानेनं जगेन."

मास्तर नुसती बाही चाचपत राहिले.

पुढच्याच महिन्यात साहेब पुन्हा आले. आता चारशे गणवेश हवे होते आणि भरतीचे वय सोळावर आणले होते. काडीने पदक लावून पोरांपुढे चार शब्द बोलावेत, असाही हुकूम होता. दुकानाबाहेर पोरांची रांग लागली, सगळ्यांच्या छात्या फुगलेल्या. काडी पदक न लावताच उंबऱ्यात उभा राहिला.

"मी एक पोरगा मारला," तो म्हणाला. "सुळे नव्हते त्याला. एक दात किडलेला होता, बस."

"भ्यालास तू," रांगेतला एक जण म्हणाला.

"हो, भ्यालो. आता तुम्ही जाल म्हणून भितोय."

साहेबांचा पारा चढला. "मास्तर, पोराला आवरा. अब्रूचा प्रश्न आहे."

जन्मभर गिऱ्हाइकाच्या हो ला हो म्हणणाऱ्या मास्तरांनी मला गळ्यातून काढले आणि घडी घातली. "माझी अब्रू तीनशे बाह्या कापल्या तेव्हाच गेली," ते म्हणाले. "इथं गणवेश शिवून मिळणार नाहीत."

पोरे पलीकडच्या गल्लीत गेली. तिथेही शिंपी आहे, त्याच्याही गळ्यात टेप आहे. त्या रांगेतल्या अकरा पोरांची नावे आज शाळेच्या भिंतीवर कोरली आहेत आणि दरवर्षी तेच साहेब येऊन त्यांना हार घालतात. आमच्या दारावर मात्र कोणीतरी डांबराने 'भेकड' लिहून ठेवले आहे. गिऱ्हाईक फिरकत नाही. मी आता खिळ्याला टांगलेला असतो.

मित्रांनो, माझी धूळ पुसा, मला जपा, असे मी म्हणणार नाही. माझे काय, मी एक चिंधी. जपायचे ते तुम्ही स्वतःला. कोणी तुम्हाला मानापानाच्या गोष्टी सांगून रांगेत उभे करू लागला, तर त्याला विचारा, त्याचा स्वतःचा मुलगा रांगेत कितवा आहे. आमचे दुकान रोज सकाळी उघडते. बापलेक दोघेही बसलेले असतात. माप द्यायला या. आणि पुढच्या वर्षी माया उसवायला पुन्हा या.