बोहनीआधी पुसलेली नावं

मित्रांनो, मी एक जुना फळा आहे. शाळेतला नव्हे, बरं का! शाळेतल्या फळ्यावर पाढे आणि कविता येतात. माझ्यावर गेलेल्या माणसांची नावं येतात. लगेच तोंड वाकडं करू नका. हे कामही कुणीतरी करावं लागतं, आणि मी ते झोकात केलं आहे.

विसरवाडीजवळ हायवेला एक फाटा लागतो. तिथे माणकचंद शेठच्या किराणा दुकानाच्या भिंतीवर मी वीस वर्षं टांगलेला आहे. उमाकांत सुताराने मला अस्सल सागाच्या फळ्या जोडून घडवलं. माथ्यावर पांढऱ्या रंगात ‘दुःखद निधन’ आणि पायाशी ‘सौजन्य : माणकचंद’ असं रंगवलं. लिहायचं काम चुनीलाल गुरुजींचं. निवृत्त मास्तर, पण अक्षर म्हणजे मोत्याचे दाणे! नाव, वय, अंत्ययात्रेची वेळ. तीन ओळींत माणूस आटोपायचा.

लोक यायचे, वाचायचे. “ऐंशी वर्षं? सोनं झालं!” “फार पीत होता, सुटला बिचारा.” “हा कोण बुवा?” असं म्हणून चहाच्या टपरीकडे वळायचे. दुसऱ्या दिवशी सकाळी शेठ ओल्या फडक्याने मला लख्ख पुसायचे. बोहनीच्या आधी डोळ्यांसमोर मरणाचं नाव नको, हा त्यांच्या वडिलांपासूनचा नेम. मलाही त्यात काही वावगं वाटत नसे. फळा म्हटला की पुसला जाणारच.

दुकानासमोर, रस्त्यापलीकडे कालीबाई भाजीची पाटी घेऊन बसते. चैत्या तिचा एकुलता एक मुलगा. एका संध्याकाळी अंधार पडल्यावर कामावरून परतताना तो सायकल घेऊन हा फाटा ओलांडत होता. ट्रक आला आणि सगळं संपलं. गुरुजींनी माझ्यावर लिहिलं, ‘चैत्या, वय २२’. कालीबाईला वाचता येत नाही. गुरुजींनी तिचं बोट धरून नावावर ठेवलं आणि सांगितलं, “डोक्यावर दोन काड्या आहेत ना, तोच तुझा चैत्या.”

दुसऱ्या सकाळी ती पुन्हा आली, तेव्हा मी पुसलेला होतो. तिने माझ्या ओल्या अंगावरून हात फिरवला, दोन काड्या कुठे सापडतात का ते शोधलं आणि परत जाऊन पाटीजवळ बसली. मला वाटलं, बाईने समजून घेतलं. डोंबलाचं समजून घेतलं! शहाणा म्हणून मिरवणाऱ्या माझी ती मोठी चूक होती.

तीन महिन्यांनी लग्नाच्या वऱ्हाडाची बस घाटात कोसळली. आसपासच्या गावांतली नऊ माणसं गेली. नवरदेवाच्या दोन्ही बहिणी त्यात होत्या, हातावरची मेंदीही उतरली नव्हती. गुरुजींनी माझ्यावर नऊ नावं एकाखाली एक लिहिली. फाटा कडकडीत बंद राहिला. टीव्हीवाले आले, चौकात फोटो लागले, मेणबत्त्या पेटल्या. ज्यांनी त्या माणसांना कधी पाहिलंही नव्हतं, तेसुद्धा हमसून हमसून रडले. कालीबाईने पाटीतली झेंडूची फुलं माझ्यापाशी वाहिली आणि पदर तोंडाला लावला. “तेराव्यापर्यंत फळ्याला कुणी हात लावायचा नाही,” असं शेठनी बजावलं. मित्रांनो, ते दुःख खरं होतं. मी लाकूड असून मलाही गलबलून आलं.

चौदाव्या दिवशी सकाळी शेठ फडकं घेऊन आले. कालीबाई मध्ये उभी राहिली.

“शेठ, त्यासनं नाव तेरा दिन ऱ्हायनं. मन्हा चैत्यानं एकच रात. काबर?”

शेठ गडबडले. “कालीबाई, ती गोष्ट येगळी शे. एकदम नऊ जण गयात. लगननं वऱ्हाड व्हतं.”

“मी बी रडनू ना त्यासनासाठे! पन मन्हा पोऱ्या बी कोनतरी व्हता ना? त्यानं नाव परत लिखा.”

तेवढ्यात शेठच्या पत्नी तीजाबाई दुकानातून बाहेर आल्या. बाई मितभाषी, पण बोलल्या की नेमकं बोलतात.

“पारसचे पप्पा, खरं सांगू? राखीला आपली लेक अल्पना त्याच घाटातून बसने माहेरी येते. त्या दिवशी बातमी ऐकली आणि पहिली तीच डोळ्यांसमोर आली. तुमच्याही आली. अंधारात सायकल ढकलत आपल्या घरचं कुणी जात नाही. म्हणून त्यांच्यासाठी आपण तेरा दिवस रडलो आणि चैत्याला एका फडक्यात पुसलं.”

शेठच्या हातातलं फडकं टपटप गळत राहिलं. अठरा वर्षं भिंतीवर टांगून मला जे उमगलं नाही, ते या बाईंनी चार वाक्यांत सांगितलं. नऊ जण एकदम गेले की काळीज हादरतं. एकेक करून गेले की हादरायच्या आत सकाळ होते आणि फडकं फिरतं.

गुरुजींना बोलावणं गेलं. त्यांनी खडू घेतला आणि नऊ नावांच्या शेजारी चैत्याचं नाव लिहिलं. कालीबाईने दोन काड्या ओळखल्या. मग ती म्हणाली, “आखो लिखा.” म्हणजे आणखी लिहा. फाट्याकडे तोंड करून इतकी वर्षं बसलेली बाई ती! तिने सगळं पाहिलं होतं. “दूधवाला दिनेश लिखा.” टपरीवरची माणसं उठून आली. “अरे, निर्मलाबाई राहिली की! इथेच तर गेली, पाण्याचा हंडा डोक्यावर होता.” “आणि आमचा ईश्वर?” ज्याला जो आठवला तो त्याने सांगितला. दहा वाजेपर्यंत फाट्यावर गेलेली चौदा नावं झाली. बसमध्ये नऊ, आणि आमच्या या एका फाट्यावर चौदा! आता कुणी ‘सुटला’ म्हणेना.

दिवसाचं पहिलं गिऱ्हाईक आलं, पावशेर साखर मागू लागलं. शेठ म्हणाले, “आधी फळा वाच. बोहनी मागून.”

त्याच दुपारी त्यांनी मला खिळ्यावरून उतरवलं, टेम्पोत घातलं आणि रस्ते खात्याच्या साहेबांपुढे नेऊन उभं केलं. भाषणं नाहीत, घोषणा नाहीत. मीच पुरेसा होतो! साहेबांनी वरपासून खालपर्यंत वाचलं आणि पुन्हा वरून वाचायला लागले. महिनाभरात फाट्यावर गतिरोधक झाले, दिवे लागले. त्याला आता दोन वर्षं झाली. त्या फाट्यावर गेलेल्या कुणाचंही नाव तेव्हापासून माझ्यावर आलेलं नाही.

हल्ली मला विचारतो कोण? मरणाची बातमी मोबाइलवर येते. लोक हात जोडल्याचं चित्र पाठवतात आणि पुढच्या क्षणी कुणाच्या तरी वाढदिवसाचा केक बघतात. माझा एक कोपरा वाळवीने खाल्ला आहे. त्याच्या वर गुरुजींनी चैत्याचं नाव पक्क्या रंगात लिहिलं आहे. शेठ अजूनही रोज पुसतात, पण पुसण्याआधी नाव मोठ्याने वाचतात.

मित्रांनो, मोठ्या दुःखाला जरूर रडा. आणि तुमच्या वाटेवर रोज एकेक करून जाणाऱ्यांची नावं एकदा एकाखाली एक लिहून बघा. फळा पुसायचाच असतो हो, माझी तक्रार नाही. फक्त वाचल्याशिवाय पुसू नका.

रोज सकाळी कालीबाई पाटी उतरवण्याआधी येते आणि त्या दोन काड्यांवरून बोट फिरवते. तोवर माणकचंद शेठ बोहनी करत नाहीत.