सारजाबाईची गादी

मी एक गादी बोलतेय. अंथरायची नव्हे, बसायची. आणि आडपडदा कशाला, मी कारभारी ड्रायव्हरच्या बुडाखालची गादी. नाक मुरडायचं असेल तर आत्ताच मुरडून घ्या. मला सवय आहे.

माझा जन्म करमाडचा. कारभारीला एसटीत नोकरी लागली आणि गाडीची सीट निघाली दगडासारखी. म्हणून त्याच्या बायकोनं, सारजाबाईनं, आपलं हिरवं लुगडं फाडून मला शिवलं. कापूस घरचाच, पण शहरात, शहागंजातल्या पिंजाऱ्याकडून पिंजून आणलेला. तिनं मला दोन्ही हातांनी दाबून पाहिलं, झालं म्हणाली आणि नवऱ्याच्या काखेत दिलं. स्वतः एकदाही बसून पाहिलं नाही.

मग त्याची नोकरी संपेपर्यंत मी अजिंठ्याच्या पायथ्याशी जाणाऱ्या फर्दापूरच्या रस्त्यावर होते. खालून इंजिनाची धग, वरून कारभारी. खड्डा आला की शिव्या गाडीला, मार मला. त्याची माझी तक्रार नाही. बोचायचं ते घरी आल्यावर ऐकू यायचं ते.

"आवं, मला बी एकदा अजिंठा दाखवा की."

"काय बघायचंय तिथं? मी रोज जातो. दगडं हायेत नुसती."

सारजाबाई भाकरी थापायला लागायची. माझ्या मनात यायचं, अरे बाबा, तुझी निम्मी गाडी ती दगडं बघायलाच भरते! पण गादीचं ऐकतो कोण?

कारभारी निवृत्त झाला, दोघं शहरात राहायला आली. लेक आशा लग्न होऊन थेट समुद्राकाठी गेली, कारण जावईबापू तिकडं मुरूडजवळ शाळामास्तर. बाळंतपण माहेरी झालं होतं. आता नातू बसायला लागला म्हणून दोघं भेटायला निघाली. कारभारीनं सवयीनं मला काखेत मारलं.

आशानं मला दारातच ओळखलं. "आण्णा, हे चिंध्यांचं बोचकं कशाला आणलंत? शेजारी काय म्हणतील?"

आशा वाईट नाही हो. पहिलटकरीण. बाळ शिंकलं की घाबरते आणि दिवसभर शिंकलं नाही तरी घाबरते. आपलं चुकतंय का, हे चार जणींना विचारते आणि ऐकते पाचवीचं.

दुसऱ्या दिवशी सगळे होडीत बसायला धक्क्यावर गेले. समोर पाण्यात जुना किल्ला, तिथवर होडी जाते. बाळाला वाऱ्यात न्यायचं नाही, हे आशानं आधीच ठरवलं होतं. मग बाळापाशी थांबणार कोण? हे कुणी विचारलंच नाही. बाळ आपोआप सारजाबाईच्या कडेवर आलं.

कारभारीनं होडीतली सगळ्यात पुढची फळी पकडली. मला खाली टाकलं, वर बसला आणि होडीवाल्याला म्हणाला, "ब्रेक कुठंय हिचा?"

"होडीला ब्रेक नसतो, काका."

"मंग थांबती कशी?"

"किल्ला आला की थांबते."

सगळे हसले. आशा मात्र धक्क्याकडं मान वळवून सूचना देत होती. "आई, टोपी काढू नको. कान झाक. रडला तर उभा धर. उन्हात नको हं."

सारजाबाई समुद्राकडं बघत होती. तिनं आयुष्यात एवढं पाणी पाहिलं नव्हतं. आमच्याकडं नळाला पाणी आलं की गल्ली धावते. इथं नुसतं पडलेलं होतं, क्षितिजापर्यंत. होडीवाल्यानं दोर सोडायला हात घातला आणि ती म्हणाली,

"थांब रे बाबा. आवं, उतरा तुमी."

"का? काय झालं?"

"मला समुद्र बघायचाय."

"इथून दिसतोय की."

"इथून तुमाला बी दिसंल. उतरा."

"अगं, लोक बघायलेत."

"बघू द्या."

"मला पोर सांभाळता येत नाय, सारजे!"

"यष्टीत पन्नास माणसं सांभाळीत व्हता नव्हं? हे तर एकच हाय."

होडीत कुणीतरी खुसखुसलं. आशा रडकुंडीला आली. "आई, तुझी कंबर! फळीवर कशी बसशील?"

"कंबर माझी हाय. आन गादी बी मीच शिवलीय."

कारभारी उतरला. धक्क्यावरूनच मला उचलायला वाकला तर सारजाबाईनंही वाकून मोकळा हात माझ्यावर ठेवला. बाळ त्याच्याकडं गेलं, ती होडीत आली आणि माझ्यावर बसली. पहिल्यांदा. कारभारीसारखी रेलून नाही, ताठ. माझा कोपरा तिनं मुठीत असा आवळला की शिवण उसवली.

होडी हलली, पाणी उडालं, आम्ही दोघी भिजलो.

"आई, भीती वाटते का गं?"

"वाटती की. म्हणून काय माघारी जायचं?"

आशा सारखी मागं बघत होती. धक्क्यावरून रडणं ऐकू येत होतं. बाळाचं की आण्णांचं, मला कळेना. सारजाबाई म्हणाली, "म्होरं बघ. रडंल जरा आन गप बसंल. त्येलाबी आजा कळू दे, आन आज्याला नातू."

परत आलो तेव्हा कारभारीचा सदरा ओला, बाळाची टोपी उलटी, आणि दोन मासळीवाल्या त्याला पोर कसं धरायचं ते शिकवत होत्या. बाळ मजेत होतं.

"लई येळ लावला," कारभारी म्हणाला.

"जावा आता तुमी. मी बसते याला घेऊन."

त्याचा हात माझ्याकडं आला. पण सारजाबाई मला खाली टाकून धक्क्यावर बसलीसुद्धा होती. "फळीवरच बसा," ती म्हणाली. तो बसला. त्याला काही झालं नाही.

आता मी शहरातल्या घरी उंबऱ्याजवळ असते. समुद्राचं मीठ अंगातून गेलेलं नाही. हवा कोंदली की मी ओलसर होते, उन्हात कडक. मला धुवा, उसवा, नवा कापूस भरा, चालेल. पण मला 'ड्रायव्हरची गादी' म्हणू नका. आणि तुमच्याही धक्क्यावर कुणी लेकरू धरून उभी असेल, तर तिला 'तुला यायचंय का' असं विचारत बसू नका. जागेवरून उठा.

परवा आशाचा फोन आला होता. "आई, ती घाणेरडी गादी फेक आता. मी फोमची पाठवते."

सारजाबाई माझ्यावर बसूनच बोलत होती. उठली नाही.

"पाठीव," ती म्हणाली. "तुझ्या आण्णाला बसायला काय बी नाय."